बसून चालवायची नाव

आमच्या घरात समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं हसायला तुम्ही मोकळे. हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या त्या घरात आम्ही तिघं राहायचो, मी, माझा नवरा आणि सासरे. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, वकील. सगळा जन्म उर्दू कोर्टात गेलेला. नवरा निजाम सरकारच्या पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. आणि मी नांदेडकडची, गोदाकाठच्या शेतकऱ्याची पोर, पोहण्यात पटाईत आणि बोलण्यात त्याहून. तिघांपैकी एकालाही खाऱ्या पाण्याची चव ठाऊक नव्हती, आणि तरी आम्ही समुद्रात न्यायची शिडाची नाव आखायला बसलो. डोकं ठिकाणावर होतं का, असं आता लोक विचारतात. नव्हतं. पण मजा आली हो!

नवऱ्याला हे खूळ हुसेनसागर तळ्यावर लागलं. तिथं साहेब लोक आणि नवाबजादे शिडाच्या होड्या फिरवायचे, आणि हा कॉलेजात असल्यापासून संध्याकाळी बांधावर उभा राहून त्या बघायचा. सुलतान बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत होड्यांची विलायती मासिकं मिळायची. लोक बायकोसाठी गजरे आणतात, हा ती मासिकं आणायचा. लग्न झाल्यावर मी म्हटलं, "अहो, मुंबईला नेऊन एकदा समुद्र तरी दाखवा." तर म्हणतो कसा, "किनाऱ्यावरून समुद्र बघणं म्हणजे मांडवाबाहेरून पंगत बघणं. आपण आपल्या नावेतून बघू."

मला असा संताप आला! आगगाडीचं तिकीट काढायचं सोडून हा माणूस मला नाव बांधून समुद्र दाखवणार. पण मीही काही कमी नाही. म्हटलं, "बरं. तर मग बांधा. पण मी आत बसून नुसत्या पोळ्या लाटणार नाही. सुकाणू माझ्या हातात पाहिजे." तो हो म्हणाला. पुरुष अशा वेळी कशालाही हो म्हणतात. पण ते मी मनात पक्कं धरून ठेवलं, कारण खरं सांगते, त्या वयात मला दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं.

हे सगळं नुसतं बोलण्यातच राहिलं असतं. पण मग हैदराबादेत ते वाईट महिने आले. बाकीचा देश स्वतंत्र झालेला आणि आमचं काय होणार ते कोणालाच कळेना. रोज नवी अफवा. ओळखीतली निम्मी घरं सोलापूरकडं निघून गेली. मामंजी म्हणाले, "मी कुठंही जात नाही. माझ्या तारखा पडल्यात कोर्टात." दिवस मावळला की दारं लावून आत बसायचं, रॉकेल मिळत नव्हतं म्हणून एकाच कंदिलापाशी तिघांनी बसायचं. बसून बसून करायचं काय? नवऱ्यानं एके दिवशी मोठा कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि म्हणाला, "चला, नाव काढू."

मामंजींनी चष्मा लावला आणि उलटतपासणी सुरू केली. त्यांना नावेतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण खोट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"हे काय?"

"शीड."

"ओढणार कोण?"

"मी."

"आणि तू आजारी पडलास तर? पाण्यात पडलास तर? सूनबाईनं काय करायचं, आरती ओवाळायची?"

मग मामंजींनी आपली अट सांगितली. मागच्या पडवीत सागवानाचे वासे रचून ठेवलेले होते, वरचा मजला चढवायला म्हणून त्यांनी कधीचे आणून ठेवलेले. म्हणाले, "ही पोर एकटी, तुझा हात न लागता, नाव घरी परत आणू शकेल अशी नाव काढ. काढलीस तर सागवान तुझं. नाही तर वरचा मजला होतोच आहे." नवऱ्याचं तोंड उतरलं. माझंही उतरलं, कारण लाकूड नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर समुद्र नाही. महायुद्धात चढलेल्या भावानं सागवान विकत घेणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं.

तर कामाला लागलो. पहिली गंमत देवघराची झाली. नवऱ्यानं अगदी शास्त्राप्रमाणं नावेत पूर्वेच्या भिंतीला देवघर काढलं. झोपायची फळी अशी की डोकं उत्तरेला येणार नाही. चूलही आग्नेयेला! दोन संध्याकाळी आम्ही दिशांवरून वाद घातला. मी म्हणत होते देवांचं तोंड पूर्वेला पाहिजे, हा म्हणत होता पश्चिमेला. मामंजी ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "नाव वळली की पूर्व कुठं जाईल?"

नवऱ्यानं कागद गोल फिरवून पाहिला. मग मला असं हसू फुटलं की पोटात दुखायला लागलं. जन्मात घरं सोडून काही बांधलं नाही, तर दुसरं काय होणार! बाहेरून शेजाऱ्यांनी भिंतीवर टकटक केली, काय झालं म्हणून. त्या दिवसांत हसण्याचा आवाज आला तरी लोक घाबरायचे. देवघर खोडलं. देव संपुष्टात ठेवायचे ठरलं, तांब्याच्या त्या डबीत, प्रवासात ठेवतात तसे.

दोराचा प्रश्न मामंजींनीच सोडवला, आणि मरेपर्यंत ते त्याची फुशारकी मारत होते. विलायती चित्रांत शीड चढवायला माणूस पुढं डोलकाठीपाशी जाऊन उभा राहायचा. समुद्र खवळलेला असताना मी लुगडं सावरत पुढं जायचं, इकडं सुकाणू सोडायचं, हे कसं जमणार? नवऱ्यानं डोकं धरलं. मामंजी म्हणाले, "आमच्या जुन्या कोर्टात छताला पंखा होता, तो ओढणारा कुठं बसायचा?"

"बाहेर व्हरांड्यात."

"बाकायदा भिंतीला टेकून बसायचा. कधी कधी झोपायचासुद्धा. दोर छतावरच्या कप्पीवरून, भिंतीतल्या भोकातून त्याच्या हातात. जजसाहेबांना वारा मिळायचा आणि त्याला जागचं हलावं लागायचं नाही."

नवऱ्यानं उठून बापाचे पायच धरले. सगळे दोर कप्प्यांवरून मागं आणले, सुकाणूशेजारी, बसल्या जागी हाताला येतील असे. शीड चढवायचा, उतरवायचा, ओढून धरायचा, तिन्ही.

तरीही नाव काही जमेना. ती वाढतच चालली. नवरा रात्रंदिवस आकडे मांडायचा आणि चिडचिड करायचा. काय होत होतं ते त्यानं मला एकदा नीट सांगितलं. नावेच्या खोलीत माणसाला उभं राहता आलं पाहिजे, म्हणून छप्पर उंच. छप्पर उंच म्हणून वाऱ्यानं नाव कलणार, म्हणून तळाला जड वजन. वजन जड म्हणून शीड मोठं. आणि शीड मोठं म्हणून ते ओढायला तीन गडी. "एकट्या बाईचं काम नाही हे," तो म्हणाला, आणि पेन्सिल टाकून दिली. मामंजी वरच्या मजल्याला खिडक्या किती, असं पुटपुटले.

मी जमिनीवर बसून पोळ्या लाटत होते. मामंजी पाटावर जेवत होते. आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं, कारण नवरा गरम पोळी तशीच गार करत बसला होता. मी लाटणं आपटून म्हटलं, "उभं राहून करायचंय काय आत? कवायत? या घरात आपण उभे असतो तरी कधी? मी बसून लाटते, तुम्ही बसून जेवता, मामंजी बसून अशिलांची रडगाणी ऐकतात, पूजा बसून, नकाशे बसून, आणि झोपतो ते आडवे. तुमचे ते साहेब खुर्च्या-टेबलं घेऊन समुद्रात जात असतील, त्यांना हवं उंच छप्पर. आपल्याला काय करायचंय ते? उभं राहायचं तर बाहेर जाऊन राहा!"

रागानं बोलले होते, त्यात शहाणपण आहे हे मलाही माहीत नव्हतं. नवऱ्यानं पोळी ठेवली. कागद ओढला. खोडरबर घेऊन छप्पर खोडलं आणि मी बसले होते तिथं माझ्या डोक्यापासून जमिनीपर्यंत फूटपट्टी धरली. वर वीतभर जागा सोडली. मग आकडे मांडायला लागला. छप्पर खाली आलं तसं वजन उतरलं, वजन उतरलं तसं शीड लहान झालं, आणि एका शिडाची दोन शिडं केल्यावर, एक जरा मोठं, एक लहान, प्रत्येक शीड मला बसून, पाय आडव्या फळीला टेकवून, एकटीला ओढता येईल इतकं झालं. आत खुर्ची नाही, टेबल नाही. जमिनीवर सतरंजी, हाताच्या अंतरावर चूल, पाठीला टेकायला भिंत. पडलं तर पडायचं कुठं? आधीच जमिनीवर! "अगं," तो म्हणाला, "अगं, झालं की!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मामंजींनी ताटातला घास संपवला आणि म्हणाले, "हा मुद्दा मी मांडणारच होतो."

भाद्रपदात विमानं घोंघावली, रेडिओला कान लावून बसलो, आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. आमचं राज्य हिंदुस्थानात आलं. गौलीगुड्यात लोकांनी पेढे वाटले, मीही दारात रांगोळी काढली, दारं उघडी टाकून झोपलो. पण सगळ्यांच्या घरी पेढे नव्हते. आमचे सुतारमिस्त्री, मुसलमान, बीदरकडं बहिणीला आणायला गेले ते कितीतरी दिवस आले नाहीत. परत आले तेव्हा बहीण आणि तिची पोरं बरोबर होती, मेहुणा नव्हता. मामंजींनी त्यांना आत बोलावून चहा दिला. मिस्त्री म्हणाले, "वकीलसाब, कुछ काम दे दो. खाली बैठे तो सर फिरता." मामंजी उठले, पडवीत गेले आणि सागवानावरचं गोणपाट स्वतः काढलं.

नाव आमच्या अंगणात झाली. मिस्त्रींनी जन्मात दारं, पलंग आणि टांग्यांची चाकं केलेली, नाव कधी नाही. पण टांग्याच्या चाकाला लाकूड वाकवावं लागतं आणि ते त्यांना येत होतं. नवरा आणि ते दोघं मिळून चुका करायचे, दोघं मिळून सुधारायचे, आणि मी दोघांना चहा देत चिडवायचे. शिडं मी स्वतः शिवली. बरकतपुऱ्यातलं माणूस न माणूस बघून गेलं. एका म्हातारबाबांनी विचारलं, "हे तुळशीवृंदावन का?" मामंजी म्हणाले, "हौ, थोडं लांबट आहे."

मग हुसेनसागर. नाव पाण्यात टाकली, ती तरंगली, नारळ फोडला, सगळं यथासांग. नवरा आत चढायला निघाला तसा मामंजींनी छडी आडवी धरली. "तू नाही. तू मुद्दई, म्हणजे फिर्यादी. तुझी साक्ष धरता येत नाही." आणि शेरवानी, काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं, अशा थाटात स्वतः नावेत येऊन बसले. त्यांना पोहता येत नव्हतं.

"मामंजी, कडेला धरून बसा हं."

"साक्षीदाराला सूचना देऊ नयेत, सूनबाई. चल."

मी दोर ओढला. कप्प्या कुरकुरल्या आणि शीड चढलं. लुगड्याचा कासोटा मारलेला. नवरा म्हणायचा याला पाटलोण पाहिजे, मी म्हटलं, लुगड्यात बायका चिखलात उभ्या राहून भात लावतात, तुमचं तळं काय घेऊन बसलात. वारा भरला आणि नाव चालायला लागली. काय सांगू! पायाखाली जिवंत काहीतरी आहे असं वाटलं. नवरा बांधावरून आमच्या बरोबरीनं पळत होता आणि हातवारे करून ओरडत होता. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बरंच झालं.

मध्यावर गेलो आणि सिकंदराबादेच्या बाजूनं वाऱ्याचा असा झोत आला की नाव एका अंगावर गेली. पाणी काठाला लागलं. मामंजींच्या डोक्यावरची टोपी उडून तळ्यात पडली. वाटलं, संपलं, सागवान बुडालं, सासरे बुडाले, आणि माहेरी काय तोंड दाखवू? हात मात्र आपले आपण चालले. मोठ्या शिडाचा दोर सोडून दिला, शीड फडफडलं, नाव सरळ झाली. बसल्या जागेवरूनच दुसरा दोर ओढून ते शीड अर्धं खाली घेतलं, बांधलं, आणि लहान शिडावर नाव पुन्हा चालती केली. उठावं लागलं नाही. मदत मागावी लागली नाही. मग दम घेऊन मी मामंजींकडं पाहिलं. ते दोन्ही हातांनी काठ धरून, उघड्या डोक्यानं, पांढरेफटक होऊन बसले होते.

"टोपी आणू का वळवून?" मी विचारलं.

"टोपी जाऊ दे. पेशी चालू ठेव, सुनावणी मध्येच थांबत नाही."

तळ्याला वळसा घालून मी नाव बरोबर निघालो होतो तिथं आणली. नवरा धापा टाकत पाण्यात गुडघाभर उभा. मामंजी उतरले नाहीत. त्यांनी गळ्याचं एक बटण काढलं आणि मला म्हणाले, "आणखी एक फेरी मार." ती मारली. मग उतरताना नवऱ्याला म्हणाले, "आत दोघांची झोपायची सोय केली आहेस. तिसऱ्याची कर. मी पासष्ट वर्षांचा झालो, मीही समुद्र बघितलेला नाही." एवढे दिवस उलटतपासणी करणारा माणूस, त्याच्याही मनात तेच होतं! मला इतकं भरून आलं की मी सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडले, ओल्या लुगड्यानं.

पुढच्या हिवाळ्यात निघालो. नाव मालगाडीत घालून बेजवाड्याला नेली आणि तिथून कालव्यात सोडली. हे कालव्याचं डोकं अर्थातच पाटबंधारेवाल्याचं. डोलकाठी आडवी पाडून, पुलांखालून, भाताच्या शेतांमधून आम्ही मच्छलीपट्टणला उतरलो. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायका आम्हाला बघून तेलुगूत काहीतरी म्हणायच्या आणि खिदळायच्या, आणि मीही खिदळायचे. बंदराच्या खाडीतून एका कोळ्यानं वाट दाखवत आम्हाला बाहेर काढलं आणि तो त्याच्या होडीनं मागं फिरला. समोर नुसतं मातकट पाणी. "हाच का?" मी म्हटलं. "याच्यापेक्षा आमच्या गोदेचा पूर बरा." नवरा रुसला. पण जसजसं पुढं जावं तसतसं पाणी आधी हिरवं झालं, मग निळं, आणि मग मागचा किनारा दिसेनासा झाला. मी सुकाणूचा दांडा धरून बसले होते आणि माझ्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

काकिनाड्यापर्यंत किनाऱ्यापासून थोडं लांबून जायचं असं ठरलं होतं. दुपारी लाटा लांब लांब यायला लागल्या. वाईट नव्हत्या, नुसत्या मोठ्या. नाव वर जायची, खाली यायची. तळ्यात लाट कुठली असायला, त्यामुळं हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. आधी मामंजी आत जाऊन आडवे झाले. मग नवरा, ज्यानं कागदावर प्रत्येक फळी तीनदा मोजली होती, तो काठावरून वाकला आणि सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. मग पुन्हा. मग तोही आत गेला आणि बापाशेजारी सतरंजीवर पडून राहिला. मला काही म्हणजे काही होत नव्हतं. उलट भूक लागली होती. मी हात लांब करून डबा ओढला, दांडा काखेत धरला आणि पोळी-लोणचं खाल्लं. लोणच्याचा वास आत गेला आणि दोघंही कण्हले.

वारा छान होता. दोन्ही शिडं भरलेली, दोर हाताशी. सगळी नाव माझ्या एकटीच्या अंगावर होती आणि ती मला जड वाटत नव्हती. तेवढ्यात आतून नवऱ्याचा मेल्यासारखा आवाज आला, "अगं, परत फिरव. घरी ने."

त्याच्या पाठोपाठ मामंजी, डोळे मिटलेलेच. "अट काय होती? एकटीला घरी आणता आली पाहिजे. येते का आणता?"

मी मागं वळून पाहिलं. किनारा नव्हता, पण तो कुठं आहे ते मला ठाऊक होतं. वारा कुठून आहे तेही. कुठला दोर सोडायचा आणि कुठला ओढायचा, सगळं माहीत होतं. मनातल्या मनात मी नाव एकदा वळवून बंदरात आणूनसुद्धा ठेवली.

"येते, मामंजी," मी म्हटलं. "म्हणूनच आत्ता आणत नाही."